झुंबराचे लोलक

हर्षाचे बाबा,

मी हर्षाले घेऊन तिच्या रितामावशीकडं आंधळगावले चालली. भात अन् वांग्याची भाजी झाकून ठेवली आहे. वरणाले फोडणी तेवढी द्या.

झुंबर बोडकं दिसन. घाबरू नका, चोरी नाही झाली. काचेचे लोलक मीच काढले अन् रिताले देऊन राहिली. तिच्या नव्या घरात शोभतीन. दुकानात तुम्ही साधा गोल दिवा घेऊ म्हणत होते, मीच रुसून हे झुंबर घ्यायले लावलं. आता हसू नका.

तुमच्या खाणीत ब्लास्टिंग झालं का घर हालते, हे मले लग्न झाल्यापासून माहीत आहे. पण आधी ते ध्यानातही येत नव्हतं. आता हे लोलक एकमेकाले लागून वाजतेत. हर्षा टाळ्या पिटते, "बाबानं घंटी वाजवली!" अन् माझे हात कणकीतच थांबतेत, तुमची गाडी फाटकापाशी येईपर्यंत. ब्लास्टिंगच्या आधी सारे माणसं दूर नेतेत, हे तुम्ही किती खेप सांगितलं. पण मनाले कोण सांगन?

काल लोलकाईले फडकं गुंडाळून पाहिलं. वाजले नाही. मग मी काम सोडून त्याईच्याकडंच पाहत बसली.

एक लोलक राहू दिला आहे. एकटा वाजत नाही, नुसता हालते. तो काढू नका.

अन् हे वाचल्याबरोबर फोन करा. आंधळगावले जमीन हालत नाही. तिथं मले काहीच समजणार नाही.