अव्वानं न बोललेला नवस

अव्वा, उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे. माझं म्हणजे माझं आणि तुझ्या नातीचं, दोघींचं. तिची एकही किडनी आता काम करत नाही, म्हणून माझी एक काढून तिला बसवणार आहेत. तू गेलीस तेव्हा ती परकर सांभाळत तुझ्या उखळाभोवती फिरायची, शेंगा चोरून खायची. आता दोन वर्षं झाली, मशीनला लावल्याशिवाय तिचा आठवडा जात नाही. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळलं ते नेमकं माझंच. जन्मात माझा स्वभाव कुणाशी जुळला नाही, किडनी जुळली. मी असं म्हटल्यावर पोरगी हसली, आणि मग तोंड फिरवून रडली.

दुपारचं जेवण झालंय. जेवण कसलं, पिवळं पाणी. भाकरीचा तुकडा नाही की चटणीची चिमूट नाही. ज्या बाईनं अर्ध्या भवानी पेठेला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खिलवली, तिच्या लेकीला हे असलं ताटात वाढतात बघ. पलीकडच्या खोलीत पोरगी झोपलीय, मला मात्र झोप येत नाही. म्हणून शेजारच्या बाईकडून कागद मागून घेतला. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे लिहायला बसल्यावर आठवलं. असू दे.

अव्वा, मला आज सारखा तो दिवस आठवतोय. मार्केट यार्डात ज्वारीच्या पोत्यांची थप्पी अप्पांच्या अंगावर कोसळली आणि त्यांना हातगाड्यावर घालून आणलं होतं. मग किती दिवस ते दवाखान्यात होते. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी तुला बोलावलं, मी तुझा पदर धरून मागं उभी. डॉक्टर जरा चाचरतच म्हणाले, "हे आता चालू शकणार नाहीत." मला वाटलं तू तिथंच बसकण मारशील. तू डोक्यावरचा पदर नीट केलास आणि विचारलंस, "चालणार न्हाईत व्हय? बरं. बसतील का?" डॉक्टर म्हणाले, बसतील. "हात चालत्यात का?" चालतात. "मग बसवा की," तू म्हणालीस, "उबं ऱ्हाऊन कुनाचं भलं झालंय."

घरी आल्यावर आम्ही भावंडं भिंतीला टेकून मुसमुसत होतो. तू चूल पेटवलीस आणि म्हणालीस, "रडायचं आसंल तर आत्ता रडून घ्या. येकदा शेंगा चढवल्या की रडायचं न्हाई, ध्यान जातंय आन् शेंगा करपत्यात." आणि खरंच तू आम्हाला रडू दिलंस गं. कढई हातात घेऊन थांबलीस. आमचं झाल्यावर शेंगा टाकल्यास. तोवर घरापुरती होणारी चटणी त्या दिवसापासून विकायची झाली.

आजूबाजूच्या बाया काय स्वस्थ बसतात? कुणी म्हणे लोटांगण घालीन असं बोल, कुणी म्हणे अनवाणी चालत जाईन म्हण, कुणी म्हणे चांदीचे पाय वाहीन म्हण. वळसंगची आत्या तर दारातच बसली, नवस बोलल्याशिवाय पाणी पिणार नाही म्हणून. तू तिच्यापुढं तांब्या ठेवलास. "वन्सं, पानी प्या. द्येव काय आडत्या हाय व्हय, दलाली घेऊन काम करायला?" आत्या जी रुसली ती चार सण आलीच नाही. पेठेत बोलणं झालं, हिची देवावर श्रद्धाच नाही म्हणून.

श्रद्धा नाही! रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन तू बसायचीस, तेव्हा घर पेटलं असतं तरी उठली नसतीस. गिऱ्हाइकांशी मराठी आणि देवाशी कानडी. मला लहानपणी वाटायचं, देवाला मराठी येत नसावी. पुढं कानडी कळायला लागलं तेव्हा समजलं की तू मंत्रबिंत्र काही म्हणत नाहीस, नुसत्या गप्पा मारतेस. "नोडप्पा शिवा," बघ बाबा शिवा, अशी सुरुवात. मग दूधवाला पाणी घालतोय, धाकट्याला खोकला झालाय, होटगीच्या मामाची बदली झाली, सगळा हालहवाल. मधूनच दरडावायचीस सुद्धा. अप्पांच्या पायांविषयी मात्र एक अक्षर नाही. मी कान देऊन ऐकायची. पाठीला जखम झालीय, भरत नाही, हे सांगायचीस. पण पाय दे, असं तू कधी म्हणाली नाहीस.

अप्पांनी एकदा जेवणाचं ताट भिरकावलं होतं, आठवतंय? कालवण भिंतीवर, भाकरी उंबऱ्यात. मला तर वाटलं आता तुझा तोल जाणार. तू भिंत पुसलीस, दुसरं ताट वाढलंस आणि अगदी सहज म्हणालीस, "आज फेकायला हात उटला, बरं झालं. उद्या शेंगा सोलायला उटंल." अप्पा आधी तुझ्याकडं बघत राहिले आणि मग हसले. पडल्यापासून पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी तू त्यांच्यापुढं शेंगांचं सूप ठेवलंस. पुढं दारातल्या सतरंजीवर बसून शेंगा सोलणारे, टरफलं पाखडणारे, येणाऱ्या-जाणाऱ्याची चेष्टा करणारे अप्पा हीच आमच्या घराची खूण झाली. पाय शेवटपर्यंत आले नाहीत. घर मात्र उठून उभं राहिलं.

तरी माझ्या मनात राग होताच. ज्वारीचं पीठ मळत होतीस तेव्हा मी एकदा विचारलं, "अव्वा, तू मागितलं का नाहीस गं? सगळ्या बाया मागतात. मागितलं असतंस तर दिलं असतं त्यानं." तू भाकरी थापायला घेतलीस, हात काही थांबला नाही. "आन् न्हाई म्हटला आस्ता तर?" तू म्हणालीस. "मी रुसले आस्ते. माजा सोभाव म्हाईत हाय की तुला, मी लई लांबवर रुसती. मग सकाळी बोलू कुनाशी? तुज्या अप्पाला सांगून चालंना, त्येलाच तर धीर द्यायचाय. तुमी पोरं ल्हान. मला बोलायला त्यो येकटाच हाय गं." भाकरी तव्यावर टाकलीस आणि वरून पाणी फिरवलंस.

मला तेव्हा यातलं काही कळलं नाही. पुढं पेठेत तुझं नाव झालं, धीराची बाई, वाघीण बाई. मीही तेच सांगत आले, माझी अव्वा कशाला म्हणून घाबरली नाही. आता वाटतं, किती खोटं बोलत होतो आम्ही. तू घाबरलेली होतीस. माझ्या आईचं काळीज रोज लटपटत होतं आणि तिनं ते एका देवाशिवाय कुणाला कळू दिलं नाही. तो एक दोर हातातून सुटू नये म्हणून तू नवऱ्याचे पाय सुद्धा मागितले नाहीस. याला लोक काय म्हणतात ते म्हणोत, मला तर आज तुझे पाय धरावेसे वाटतात.

आणि मी कशी, तुला ठाऊक आहे. पाल दिसली तर पलंगावर चढणारी, सुई बघून डोळे मिटणारी. पण डॉक्टर समजावून सांगायला बसले, तेव्हा माझ्या तोंडातून काय निघालं असेल? "एका किडनीवर माणूस चालतंय का?" ते म्हणाले, चालतं. "मग काढा की." म्हटलं आणि माझी मीच चमकले. आवाज तुझा होता गं. पोरगी मात्र अडून बसलेली, आई तुला काही झालं तर मी जगून काय करू. तिला दटावलं, "आधी जगून दाखव, मग भांडू."

मघाशी नर्स आली, पोरसवदाच आहे. म्हणाली, मावशी, गळ्यातलं सगळं उद्या काढायचं हां. मी लिंगावर हात ठेवून म्हटलं, बाकी सगळं काढते, हे आमच्यात अंगावेगळं करत नाहीत. ती हसली. "मेरी अम्मी बी ऐसाइच करती थी तावीज के लिए," म्हणाली, "डॉक्टरांना विचारते, दंडाला पट्टीत बांधून देऊ." बघ, कुठून कुठून माणसं धीर द्यायला येतात.

आता शेवटचं सांगते. हा कागद पाठवायचा कुठं, घडी घालून उशीखाली ठेवीन. आज सकाळी या खाटेवर बसूनच पूजा केली. तुझ्यासारखाच सगळा हालहवाल सांगितला, पोरीचे रिपोर्ट सांगितले, जेवणाची तक्रार केली. तिथंच थांबायचं ठरवलं होतं, पण थांबता आलं नाही. अव्वा, मी मागितलं. तळहात छातीशी धरून, लाज सोडून मागितलं, माझी पोरगी मला दे म्हणून. तो काय म्हणतो ते उद्या कळेल. नाही म्हणाला, तर मी त्याचं तोंड बघायची नाही, माझं रुसणंही तुझ्यावरच गेलंय. तशी वेळ आलीच तर रोज सकाळी त्याच्याऐवजी तुझ्याशीच बोलत बसेन. तेव्हा एवढंच कर, 'मागितलंस कशाला' असं मला विचारू नकोस.