दोन तंबू, एक विहीर

वणी, ७ जानेवारी १९६१, शनि.
कापसाच्या जिनातलं काम आटपून सुटलो तो सरळ बापूरावांच्या छापखान्यात. त्यांच्या साप्ताहिकात नाटकांवर मी लिहितो, म्हणून बोलावणं. बाजाराच्या मैदानात दोन नाटक कंपन्यांचे तंबू लागलेत. दोघींचाही खेळ खुनाचा, अन् दोन्हीत माणूस विहिरीत मरतो! बापूराव म्हणाले, "लोकं एकच पाह्यतीन. कोणता पाहावा तेवढं सांग. विद्वत्ता नको."
विहीर म्हटल्यावर मी दचकलो. त्यांच्या लक्षात आलं नाही. की आलं?
घरी ताईला बोललो नाही. भाऊजी शेतातल्या विहिरीत गेले त्याला तीन वर्षं होतील. तेव्हापासून ती माझ्याकडे, शेत तिचा दीर केशवराव पाहतो. त्या सकाळी ती घरी दळत होती. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. मीही.

९ जाने., सोम.
काल मोठ्या तंबूतलं पाहिलं. ताई म्हणाली, मीही येते. नको कसं म्हणू? कारण सांगावं लागलं असतं.
शेतकरी, भावाशी शेताच्या बांध-धुऱ्यावरून भांडण, सकाळी विहिरीत प्रेत. फौजदार नागपूरहून येतो, पाइप ओढतो, घरातल्या कुत्र्यावरसुद्धा संशय घेतो. शेवटी खुनी निघते बायको. गुंफण छान, शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. बायको झालेला नट पुरुषच, ओठावर मिशीची निळी सावली. पण पकडल्यावर असा हसला की पुढची पोरं घाबरली.
ताईकडे बघायची हिंमत झाली नाही. मागच्या बाकावरच्या दोघी मात्र नाटक सोडून तिच्याकडेच पाहत होत्या.
वाटेत ती एवढंच, "फौजदार लय बोलते, नाई?"

११ जाने., बुध.
काल छोट्या तंबूतलं. ताई आपणहून तयार होऊन बसलेली.
तोच शेतकरी, तोच धुरा, तीच विहीर. फौजदाराऐवजी आंधळा भजनी, आवाजावरून माणसं ओळखणारा. खुनी कोण ते निम्म्यातच कळतं: भाऊ. पडदा फाटका, विहीर म्हणजे चुना लावलेला पिंप, मध्येच बत्ती गेली. तरी अंगावर काटा. भाऊ झालेला नट त्या पिंपाकडे एकदाही पाहत नव्हता. ते केलेलं की खरं?
लिहिलं: "रहस्य मोठ्या तंबूत, माणसं छोट्या तंबूत खरी." 'खरी' खोडलं. मग वाक्यच खोडलं.

१२ जाने., गुरु.
केशवराव आले. बाजारात कोणी म्हणालं, "काहून केशवराव, विहीर बुजवली का नाई?" आणि आजूबाजूचे हसले. चहा घेतला नाही. ओट्यावरच बसले.
"वयनी, लोकं मले हासून राह्यले."
ताई शेंगा फोडत होती. "मोठ्या तंबूत मले पाहून कुजबुजत होते. आता तुमची पाळी."
केशवरावांनीही मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. मी उगीच आत जाऊन पाणी प्यालो.
मोठा तंबू चांगला म्हणून छापलं तर गाव तिकडे जाणार, म्हणजे बोट ताईकडे. छोटा म्हटलं तर केशवराव. नाटकाबद्दल लिहायचंय ना? मग हे काय चाललंय डोक्यात.

१३ जाने., शुक्र.
राहवेना. सकाळी छोट्या तंबूच्या मालकाला गाठलं. दाढी करत बसले होते. विचारलं, ही गोष्ट कुठली?
"आमच्या दोन्ही कंपन्या आधी एकच होत्या ना बाप्पा. पाच वर्सांआधी फाटलं. अर्धे नट तिकडं गेले, अर्धे इकडं राह्यले. गोष्ट दोघायनंही नेली. शेवट ज्याचा त्यानं बदलवला."
"आधी काय होता?"
त्यांना आठवावं लागलं. "आधी तो नुसता पाय घसरून पडे. लोकं उठून जात. म्हणत, हे काय नाटक हाय का?"
भाऊजी हयात असतानाच हा खेळ उभा राहिला होता. म्हणजे आमचा काडीचाही संबंध नाही. पळत घरी आलो, ताईला सांगितलं.
ती बघत राहिली. "म्हंजे तुले आपलीच गोष्ट वाटली होती?"
मी टोपी काढून खुंटीला लावली.
"अन् कोणता शेवट पटला तुले, मधू?"
दोन्ही पटले होते. एकाच्या दिवशी एक, दुसऱ्याच्या दिवशी दुसरा. हे कसं सांगायचं. कोणता माणूस असा...

१४ जाने., शनि. संक्रांत
शेजारून तिळगूळ आला नाही. ताई स्वतः वाटी घेऊन गेली, देऊन आली. काय झालं ते सांगितलं नाही.
दुपारी मजकूर लिहायला बसलो. बापूरावांनी दोनदा निरोप धाडला. ताई मागे येऊन उभी राहिली.
"काय लिहून राह्यला?"
"सुचत नाही. तूच सांग."
"लिही का दोन्हीतही पाणी खोटं हाय. पत्रा वाजवते ते. माणूस पडल्यावर तसा आवाज नाई येत. आधी दाबल्यावानी येते, मंग वर घुमते."
आणि चुलीकडे गेली. लाडवाचा पाक पाहायला.
मी लिहून घेतलं. मग हात थांबला. त्या सकाळी घरी दळत होती ना?
कोणी सांगितलं असेल. केशवरावांनी. किंवा लहानपणी आमच्या गावात कधी... आमच्या गावात विहिरीत कोणी पडलेलं मला आठवत नाही.

१६ जाने., सोम.
मजकूर दिला. दोन्ही नाटकांत प्रकाशयोजना कशी, पोशाख कसे, कुठे बसावं म्हणजे ऐकू येतं. बापूराव वाचून म्हणाले, "अन् पाहावं कोणतं?" म्हटलं, ज्याची जागा मिळेल ते. चिडले. छापणार आहेत.

१७ जाने., मंगळ.
केशवराव सकाळीच बैल जुंपून रेंगी घेऊन आले. तूर काढायला माणसं कमी पडतात, ताईनं चार दिवस शेतावर यावं. तीन वर्षांत ती एकदाही तिकडे गेली नव्हती. मला वाटलं नाही म्हणेल. लुगड्यांचं गाठोडं बांधून तयार होती, म्हणजे आधीच ठरलेलं.
"मी येऊ का संगं?"
"तू कायले? तुले जीन हाय ना."
त्या आवाजाचं विचारणार होतो. खरंच विचारणार होतो, पण केशवराव समोर. त्यांच्यासमोर कसं? आणि ते नसते तर विचारलं असतं?
कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेलो. रेंगी वळली तेव्हा केशवराव काहीतरी बोलले आणि ताई मोठ्यानं हसली. तेही हसले. इतक्या वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. बरं वाटलं.
मग जिनाच्या वाटेवर मध्येच उभा राहिलो. दोन्ही शेवट एकाच वेळी खरे असले तर? पुढं गेलो. परत उभा.