कापलेल्या शेवटाचा डबा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय चित्रपट संकलन, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ मी कोणाला येऊ दिलेले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी पुतण्याचे व्याख्यान ऐकण्यापूर्वी लिहिले होते.

१. राहते घर, दोन खोल्या, भाचीस. कात्री व फिल्म पाहायचे-जोडायचे यंत्रही तिलाच. ती कामाला बसली की तोंड बंद ठेवते. आमच्या घराण्यात हे दुसऱ्या कोणाला जमलेले नाही.

२. पुतण्यास त्याचेच सगळे लेख, मी लाल पेन्सिलीने दुरुस्त केलेले. मी संकलित केलेल्या एका जुन्या चित्रपटाबद्दल, ‘हा विनोदी चित्रपट कालातीत का?’ या एका प्रश्नावर हे गृहस्थ बावीस वर्षे मिरवत आहेत. उत्तरे काय, तर निरागसता, मूल्ये, हरवलेला काळ. चित्रपटात नापास झालेली सतरा वर्षांची मुलगी पास झाल्याची थाप मारते, वर्षभर रोज दप्तर घेऊन गावभर हिंडते आणि घरचे तिच्या हुशारीची टिमकी वाजवत फिरतात. यात ज्याला निरागसता दिसते, तो स्वतः कधी सतरा वर्षांचा नव्हताच.

३. त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकास काहीही नाही. शेवट आपल्याला पहाटे सुचला, असे तो प्रत्येक मुलाखतीत सांगतो. पहाटे तो घोरत असे, हे सगळ्या युनिटला ठाऊक आहे. पोस्टरवर माझे नाव नव्हते, म्हणून या कागदावर त्याचे नाही.

४. तो शेवट माझा. मूळ शेवटात बाप जिना चढून येतो, मुलीशेजारी बसतो आणि तिच्या डोक्यावर हात ठेवतो. तो मी कापला तेव्हा निर्माता ओरडला, “अहो बाई, बापाने माफ केल्याशिवाय लोक घरी कसे जातील?”

“चालत जातील,” मी म्हटले.

आता मुलगी वरच्या पायरीवर बसलेली आहे, खालून बापाच्या चपला वाजतात, ती हसू दाबते, आणि चित्रपट संपतो. पुढचे ज्याने त्याने आपापल्या बापावरून ओळखायचे. चित्रपट टिकला तो एवढ्यामुळे. हे सांगायला व्याख्यानमाला लागत नाही.

५. कापलेला तुकडा माझ्या कपाटात, पत्र्याच्या डब्यात आहे. निर्मात्याच्या मुलाला तो परत जोडून ‘संपूर्ण आवृत्ती’ काढायची आहे, आणि पुतण्याने मला न विचारता माझ्या वतीने होकार देऊन टाकला आहे. निर्मात्याच्या माणसांनी कचऱ्यात टाकलेला तुकडा मी उचलून जपला; आता या दोघांना पान्हा फुटला आहे. तो चित्रपटाला कोणीही जोडू नये. जोडल्यास भाचीने दोघांनाही कोर्टात खेचावे.

६. डबा, बापाचे काम केलेल्या नटाच्या मुलीस द्यावा. हा प्रसंग दाखवायला तो तिला पहिल्या खेळाला मुद्दाम घेऊन आला होता. दिवे लागल्यावर त्याने मला गाठले. “ताई, माझा तो प्रसंग कुठे गेला हो?”

“धुताना फिल्म खराब झाली, काका.”

“असू दे, असू दे,” तो म्हणाला आणि मुलीचा हात धरून निघून गेला. दोन वर्षांनी वारला.

प्रसंग खोटा वाटला म्हणून कापला, असे मी चाळीस वर्षे सांगत आले. तो खोटा नव्हता. मी नापास झाले तेव्हा माझे वडील जिना चढून आले नाहीत. पुढची अकरा वर्षे माझ्याशी बोलले नाहीत. त्या नटाने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला ते बघवेना, म्हणून कात्री चालवली. त्यात चित्रपटाचे भले झाले, हे चित्रपटाचे नशीब.

भाचीने नटाच्या मुलीला तो तुकडा यंत्रावर लावून द्यावा व स्वतः खोलीबाहेर थांबावे. त्या मुलीला सांगावे की फिल्म खराब झाली नव्हती. तिच्या वडिलांनी काम फार चांगले केले होते.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, दोघा साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: राहते घर, दुसरा मजला
दिनांक: ९ नोव्हेंबर

सही: संकलक, युनिटमध्ये ‘कात्रीबाई’

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे शिंपी (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही)