पेंटर आणि मुलगी

प्रिय दादा,

जुन्या पाटीचा फोटो मिळाला. हाच मोठा करून नव्या दुकानावर लाव, बाबांचं अक्षर आहे, त्याला हात लावू नकोस, हा तुझा हुकूमही मिळाला. वा रे वा! दुकान मी चालवायचं आणि फर्मानं तू तिकडच्या ऑफिसात बसून सोडायची.

तरी करून बघितलं. दुकानाच्या रुंदीएवढा ताणला, तर बाबांच्या गुळगुळीत वळणांच्या पायऱ्या झाल्या आणि कडेनं धूळ बसल्यासारखे डाग. होणारच. तू पाठवलास तो जेपीजी. तो दर वेळी नव्यानं सेव्ह केला की थोडं गाळतो, आणि हा किती फोनांतून फिरून आलाय देव जाणे. पीएनजीनं गाळलं नसतं, पण तेही शेवटी ठिपकेच. आहेत तेवढेच, ताणले की उघडे पडतात.

म्हणून मी बाबांच्या अक्षराचा फॉन्ट केला. टीटीएफ. त्यात रेघ कुठून निघाली, कुठे वळली, एवढंच साठवलेलं असतं. बोटाएवढं कर नाहीतर भिंतीएवढं, धार तीच. बाबांची एकेक रेघ मी पडद्यावर पुन्हा फिरवली; डोळे फुटायची वेळ आली.

आणि खरं सांगू? तुझा फोटो बाबांनी लिहिलं तेवढंच म्हणणार. 'पेंटर आणि मुलगा.' त्या मुलाला शिडीवर गरगरायचं. तू खाली शिडी धरायचास आणि ब्रश घेऊन वर मी. पाटीवर मात्र तूच! अजून राग येतो मला.

फॉन्टमध्ये बाबांच्याच अक्षरात नवं काहीही लिहिता येतं. मी लिहिलं, 'पेंटर आणि मुलगी.' दुसरी वेलांटी जुन्या पाटीवर नव्हतीच, ती पहिलीवरून मी काढली. बाबांना दाखवली. हात कापतो त्यांचा, पण चूक अजून लांबूनच धरतात. बराच वेळ बघून म्हणाले, वेलांटी ढिली पडलीय, आवळ. मी आवळली.

तेव्हा हे पत्र परवानगीसाठी नाही. रविवारी पाटी चढणार, तुला पटो न पटो. रुसायचं तर खुशाल रूस. पण आलास तर सकाळी लवकर ये. शिडी धरायला माणूस हवाय, आणि ते काम तुझ्याइतकं कुणालाच जमलं नाही.

तुझीच,
शेंडेफळ