पाठ वाळायला किती सिगरेटी लागतात?

तीर्थरूप मामांस,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो (पाय इथून बरेच लांब असल्यामुळे सध्या ते कामाच्या टेबलावर ठेवलं आहे, आणि टेबलाला खळ लागलेली असल्यामुळे उचलायला जरा वेळ लागेल). तब्येत कशी आहे? खोकला कसा आहे? कसला खोकला, असं उलट विचारू नका, तो इथपर्यंत ऐकू येतो. मामींना माझा नमस्कार सांगा. त्यांचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. त्यात तुमच्याविषयी अक्षर नव्हतं, सगळं गॅलरीतल्या कुंड्यांविषयी होतं, तेव्हा त्यांच्याकडे उगीच संशयाने बघू नका.

पत्राचं कारण निव्वळ धंद्याचं आहे. पुस्तकबांधणी मला तुम्ही शिकवलीत, आणि त्यातलीच एक गोष्ट अडली आहे. पुस्तकाच्या पाठीला गोंद लावला की तो वाळायला मिनिटं किती लागतात? तुम्ही शिकवलंत ते असं: पाठीला दोन सिगरेटी, पुठ्ठ्याला तीन, कापडाला एक आणि वर चार झुरके. सव्वीस वर्षं मी ह्या मापाने पुस्तकं बांधली, घड्याळाकडे कधी बघितलं नाही. (माप अगदी बिनचूक होतं असंही नाही. तुमचं मामींशी वाजलं की तुम्ही भराभरा ओढायचात आणि त्या दिवशीच्या पुस्तकांच्या पाठी सैल निघायच्या. गिऱ्हाइकं बिचारी गोंदाला नावं ठेवायची.) आता पंचाईत अशी झाली आहे की मी सिगरेट सोडली. आज एकशेचौथा दिवस. उभे असाल तर बसून घ्या.

सोडली कशी, हे सांगायचं तर आधी सोडली का ते सांगायला हवं. एका दुपारी दुकानाबाहेरच्या पायऱ्यांवर बसून मी पाठ वाळवत होतो, म्हणजे ओढत होतो. ऊन असं पडलं होतं की डोळे आपोआप मिटत होते. अर्धवट झोपेत ऐकलं, जिन्यात कुणीतरी खोकलं. आधी दोन छोटे, मग एक लांब, शेवटी घसा खाकरून थोडी शांतता. मला वाटलं, तुम्ही आलात. मी इतका खूश झालो की उठून आत जाऊन चहाला आधण ठेवलं, दोन कप काढले. जिन्यात कुणी नव्हतं. खोकलो होतो तो मीच. त्या दोन कपांकडे बघत मी बराच वेळ उभा राहिलो, मामा, आणि मला भीती वाटली. माझ्यासाठी वाटली की तुमच्यासाठी, ते तेव्हा नीट कळलं नाही.

मग मंडळ बसलं. मंडळ म्हणजे शेजारच्या दुकानातला शिंपी, वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि समोरच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई, ज्यांची फाटकी पुस्तकं माझ्याकडे येतात. शिंप्याने कपडे बेतायच्या तपकिरी कागदावर खडूने माझा दिवस आखला. माझ्या अकरा सिगरेटी त्यावर ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीला नाव दिलं: उठल्याबरोबरची, कुलूप उघडल्यावरची, पहिल्या पाठीची, उगीचची (ह्या तीन होत्या), अशा. मग त्या अकराजणी तिघांनी वाटून घेतल्या. ज्या सिगरेटीची वेळ होईल तिच्या वाट्याच्या माणसाने हातातलं काम टाकून माझ्याजवळ येऊन बसायचं. सोडायचा दिवस बुधवार ठरला, कारण रविवारी हात मोकळे असतात आणि मोकळा हात खिशात जातो, असं शिंप्याचं मत पडलं. बाईंनी माझं उरलेलं पाकीट (आत सात होत्या) ताब्यात घेतलं आणि वाचनालयाच्या खणात ठेवलं.

खिशाचा विचार शिंप्याच्या डोक्यातून गेला नव्हता. मंगळवारी त्याने इस्त्रीच्या नावाखाली माझे सगळे शर्ट नेले आणि बुधवारी परत केले ते खिसे शिवून. पँटींचेही. पाकीट ठेवायला जागाच नको, ही त्याची कल्पना. पण त्यामुळे चष्मा, किल्ल्या, पेन्सिल, रुमाल ह्यांनाही जागा राहिली नाही. पहिला आठवडा मी सगळा संसार दोन्ही मुठींत धरून हिंडत होतो. एक बरं झालं, हातात सिगरेट धरायला बोटच शिल्लक नव्हतं.

डॉक्टरांचं शास्त्र वेगळं. तोंडाला चाळा हवा, म्हणून ते रोज सकाळी सोललेल्या गाजरांच्या कांड्या आणून टेबलावर उभ्या ठेवू लागले, आणि मी त्यातली एक सवयीने कानामागे खोचू लागलो. (एका गिऱ्हाइकाने ती मला अदबीने काढून दिली, काहीतरी अडकलंय म्हणाले.) आता गोंदाचा ब्रश कुठे असतो? त्याच टेबलावर, तसाच उभा. एका सकाळी मी आपल्याच तंद्रीत वकीलसाहेबांच्या कायद्याच्या जाडजूड ग्रंथाच्या पाठीवर गाजराने गोंद फासला आणि ब्रश चावला. वर, दोन सिगरेटींइतकं थांबायचं म्हणून डोळे मिटून मनातल्या मनात दोन ओढल्या. मनातल्या सिगरेटी फार लवकर संपतात, मामा. ग्रंथ ओलाच बांधला गेला आणि भर कोर्टात, साहेबांनी एक कलम बोटाने दाखवायला तो उघडला तेव्हा, सगळी कलमं त्यांच्या पायाशी जाऊन पडली. मी दुकान बंद करून पळायच्या तयारीत होतो. पण पानं लावायला वेळ हवा म्हणून साहेबांना पुढची तारीख मिळाली, जी ते महिनाभर मागत होते. त्यांनी आणखी दोन ग्रंथ पाठवले आहेत आणि बांधणी तशीच करा असा निरोप आहे.

तेव्हापासून मात्र मी पाठ वाळताना जवळ बसून राहतो. तुम्ही कधी बघितलं आहे का हो गोंद वाळताना? मी सव्वीस वर्षांत बघितलं नव्हतं, कारण त्या वेळी मी पायऱ्यांवर असायचो, तुम्हीही असायचात. आधी तो दुधासारखा पांढरा असतो. मग कडेकडेने विरत जातो, खालची शिवण दिसू लागते, एकेक टाका वर आल्यासारखा वाटतो, आणि एका क्षणी पांढरेपण सगळं गेलेलं असतं. तो क्षण पकडायचा म्हणून मी टक लावून बसतो आणि नेमका तेव्हाच कुठेतरी हरवतो. खिडकीतून उन्हाचा पट्टा येतो, त्यात कागदाचा भुगा तरंगत असतो, शेजारी शिंप्याचं मशीन चालू असतं, आणि मला उगीच वाटतं की आपण पाण्याखाली आहोत आणि इथे फार बरं आहे. नाकही परत आलं आहे. पुस्तक उघडलं की ते कुठल्या घरातून आलं ते कळतं: हे स्वयंपाकघरात वाचलेलं, हे उशीखाली ठेवलेलं, हे औषधांच्या कपाटातलं. परवा तुमची जुनी सुरी घासायला काढली, तिच्या मुठीला अजून तुमचा वास आहे. तंबाखू आणि खळ. मी ती तशीच परत ठेवली.

तलफ येत नाही असं समजू नका. पहिले दीड महिने ती ठरल्या वेळी यायची, आणि मी मंडळाला चुकवून वाचनालयात धावायचो. बाई कधी नाही म्हणाल्या नाहीत. त्या शांतपणे मागणीची चिठ्ठी पुढे करायच्या. मी नाव, तारीख, 'पाकीट, एक' असं लिहून द्यायचो, त्या नोंदवही बघायच्या आणि सांगायच्या की पाकीट बाहेर गेलंय, तुमच्या आधी मागणी आहे, तुमचा नंबर चौथा. आधीचे तिघे कोण, असं विचारलं तर वाचकांची नावं सांगायची पद्धत नाही म्हणायच्या. मी एक्केचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि एक्केचाळीस वेळा चौथा राहिलो. त्या तीन अनोळखी ओढणाऱ्यांचा मला इतका राग यायचा की स्वप्नातसुद्धा ते यायचे, माझ्या सात सिगरेटी ओढत ढगांवर पाय सोडून बसलेले.

शंभराव्या दिवशी मी सहज म्हणून गेलो. नंबर लागला का, असं गमतीने विचारलं. बाईंनी ह्या वेळी नोंदवही माझ्याकडे फिरवली. पहिलं नाव त्यांचं. दुसरं शिंप्याचं, तिसरं डॉक्टरांचं. तारीख मी सोडायच्या आदल्या दिवसाची, मंगळवारची. मामा, ह्या तिघांनी जन्मात सिगरेट ओढलेली नाही. शिंप्याला तर धुराने शिंका येतात. परत केल्याच्या रकान्यात तिघांच्याही नावापुढे काही नव्हतं. पाकीट खणातच होतं, त्याच सात सिगरेटी, वाळून कडक झालेल्या. मी वाचकांच्या बाकावर बसलो आणि मला रडू आलं. वाचनालयात शांतता पाळायची असते, म्हणून बाई मला बाहेर घेऊन आल्या.

तर गोंदाचं तेवढं कळवा. मिनिटांत.

तुमचा (एवढी एक गोष्ट सोडून सगळ्यात तुमच्या वळणावर गेलेला)
भाचा

ता. क. गोंदाचं कळवलं नाहीत तरी चालेल. मी घड्याळ लावून बघितलं, पस्तीस मिनिटं. तुम्हालाही हे माहीत नसणार याची मला खात्री होती.

ता. क. दुसरा. मामींच्या पत्रात कुंड्यांविषयी दोनच ओळी होत्या, बाकी तीन पानं तुम्ही होतात. तुम्ही जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबता आणि विचारलं तर खिडकीतून बाहेर बघत होतो म्हणता. मामा, त्या जिन्याला खिडकी नाही. मी त्या घरात सहा वर्षं राहिलो आहे.

ता. क. शेवटचा. इथे या. मामींना घेऊन या. मागची खोली झाडून ठेवली आहे, गाजरं येतात, शिंप्याने तुमचा तपकिरी कागद आखायला घेतलाय (तुमच्या सिगरेटी मी त्याला सतरा सांगितल्या, कमी असतील तर खोडता येतील). माझ्या वाट्याला पाठ वाळायची वेळ आली आहे, तेव्हा दोघं मिळून गोंद बघत बसू. पाकीट सोबत आणा, ते बाईंकडे जमा करायचं आहे. त्यांच्या नोंदवहीत मी तुमचं नाव कालच घातलं. तुमचा नंबर पाचवा आहे. तुमच्या आधी आम्ही चौघे आहोत, आणि आम्ही घेतलेली वस्तू परत करायला फार वेळ लावतो.