उघड्या तुकड्यातला देव

१८ ऑगस्ट, सोमवार

रंगासाठी पांढुर्ण्याला. पोळा तोंडावर, बैलांची शिंगं रंगवायला लोकांनी दुकान पार रिकामं केलेलं. पांढरा नाही, पिवळा नाही. शेंदरी तेवढा आहे, पाहिजे तितका न्या, दुकानदार म्हणाला. कु. सरांना फोन केला (कुट्टी सर, टीमचे प्रमुख, मातीचे तज्ज्ञ, मूळ केरळचे). ते म्हणाले रंगाचा विज्ञानाशी काही संबंध नाही. घेऊन आले.

२० ऑगस्ट, बुधवार

उघाड मिळाली. दिवसभर रामाकोन्याच्या जंगलात. बंद तुकडा, म्हणजे तारेच्या आतला, गेल्या वर्षीच रंगवून झाला. आज उघडा तुकडा. इथे गावाने नेहमीसारखी लाकडं तोडायची, बकऱ्या चारायच्या. आम्ही दोन्ही तुकडे दरवर्षी मोजायचे. माणूस बाहेर ठेवला तर जंगल किती वाढतं, हा आमचा सगळा अभ्यास.

प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर पट्टा, म्हणजे घेर दरवेळी तिथेच मोजता येतो. कोणाची छाती यावर वाद. मारिया (ब्राझीलची, बियांवर काम करते, माझ्यापेक्षा हातभर उंच) आणि मी एकाच धावड्याला दोन पट्टे ओढून बसलो. शेवटी मापाची काठी केली.

सर फीत घेऊन झाडाभोवती फिरतात. आकडा आधी मल्याळममध्ये पुटपुटतात, मग मोठ्याने सांगतात, मी तो परत म्हणते. चूक नको म्हणून. सरांच्या कपाळावर रोजचं चंदन, कमरेला लुंगी. चपला चिखलात रुतायला लागल्या म्हणून सगळ्यांनी बाहेर काढलेल्या. मोळ्या घेतलेल्या बाया थांबून बघत होत्या. मारियाने हात केला. बरं वाटलं, लोकांना आपल्या कामात रस आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

पांढुर्ण्याला गोटमार, त्यामुळे सुट्टी. दोघं आमच्याकडे जेवायला. सरांना समजावलं: इकडे पांढुर्णा, तिकडे सावरगाव, मध्ये नदी, नदीत रोवलेला पळस, आणि दोन्हीकडून दगड. सरांनी कारण विचारलं. बाबा म्हणाले, कारण असतं तर कधीच थांबलं असतं. बाबा मास्तर होते, अजूनही प्रत्येक गोष्टीचं कारण विचारतात. आमच्या घरी बुद्धवंदना, देव नाही, नवस नाही, लिंबू फक्त पोह्यांवर.

३ सप्टेंबर, बुधवार

उघड्या तुकड्यात नारळ.

आधी वाटलं कोणी खाऊन टाकला असेल. मग पुढच्या झाडाला कुंकू. त्याच्या पुढच्याला दोरा. मोठ्या मोहाखाली उदबत्त्या, आणि दोन पट्टेवाल्या धावड्याला सगळ्यात जास्त हार. गुंफाबाई तिथेच बसलेली. गावातल्या बायांची पुढारी, आजवर याच तुकड्यातून मोळ्या न्यायची. मला म्हणाली, "मॅडम, चपला काढा."

काढल्या. करणार काय.

तिच्याकडून कळलं ते असं: दक्षिणेचे महाराज आले, चंदन लावलेले. अनवाणी, एकेका झाडाला प्रदक्षिणा घातली. मंत्र म्हटले, त्यांच्यामागून मी म्हटले. गोऱ्या बाईने आशीर्वाद दिला. आणि शेंदूर तर दिसतोच आहे. देवाचं नाव पट्टेदेव. पोळ्यापासून कोणी तिथे कुऱ्हाड नेली नाही, बकरी नेली नाही.

मी म्हटलं मावशी, तो ऑइल पेंट आहे. ती म्हणाली, "मंग टिकून राहीन."

४ सप्टेंबर, गुरुवार

सर संतापले. अभ्यास बसला म्हणाले. बंद तुकड्याला तार आहे तरी बकऱ्या घुसतात, आणि उघड्याला तार नसून पानाला कोणी हात लावत नाही. तुलना कशाशी करायची? मी रंगाबद्दलच्या त्यांच्या वाक्याची आठवण दिली. द्यायला नको होती. तेवढ्यात एक जण आजारी वासरू घेऊन आला, महाराजांनी हात फिरवावा म्हणून. सर नाही नाही म्हणत राहिले. शेवटी फिरवला.

मारिया खूश. तिच्याकडे जंगल वाचवायला माणसं जन्म घालवतात म्हणे, इथे रंगाच्या एका डब्यात झालं. तिला बायांनी भाषा शिकवली आहे. दिवसभर "मी बी मोजून राहिली" म्हणत फिरते.

१० सप्टेंबर, बुधवार

सरांचा हुकूम: लोकांना तोडायला सांगा. वनस्पतिशास्त्रात एवढं शिकले ते आज दारोदार जाऊन बायांना झाडं तोडा म्हणून विनवायला. कोणी हसलं, कोणी घाबरलं. एकीने दार लावून घेतलं. गुंफाबाईने मला पाणी देऊन बसवलं आणि तब्येत विचारली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बाबांना कळलं. आमच्या सौंसरमध्ये काय लपतं? पेपर खाली ठेवला, चष्मा काढला.

"जन्मभर मी घरात देव येऊ नाही देल्ला. अन् तू जंगलात बसवून आली?"

म्हटलं, बसवला नाही, बसला. जेवणाचं ताट घेऊन ओसरीवर गेले. वाईट वाटलं. यांनीच मला चौथीत असताना प्रश्न विचारायला शिकवलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

एकटीच गेले, मोजायला म्हणून. मोहाखाली रोपं. इतकी, की पाय कुठे ठेवावा कळेना. चारोळीचीही आहेत. या तुकड्यात इतक्या वर्षांत मी बोटभर उंचीचं मोहाचं रोप पाहिलं नव्हतं, वर येण्याआधीच बकरी खायची. खाली बसले. रडू आलं, सरळच लिहिते. मोजायचं राहूनच गेलं.

येताना रस्त्यात गुंफाबाई. डोक्यावर मोळी, पार टेकडीपलीकडून आणलेली. गुडघ्याला फडकं बांधलेलं. म्हटलं इतक्या लांबून? म्हणाली, जवळ देव आहे ना.

माझ्या त्या डब्यापायी ही बाई टेकडी चढते.

२२ सप्टेंबर, सोमवार

टीमची बैठक, माझ्याच ओट्यावर. सर: गावात खरं सांगायचं, नाहीतर अभ्यास बंद होईल. मारिया: एक अक्षर सांगायचं नाही, अभ्यासासाठी जंगल की जंगलासाठी अभ्यास? सर: आज पट्टे ओढून देव झाला, उद्या कोणी पट्टे पुसले की संपला, असं जंगल टिकत नाही. दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. शेवटी दोघांनी माझ्याकडे पाहिलं. भाषा मला येते, तेव्हा सांगायचं मी.

२५ सप्टेंबर, गुरुवार

गावात सभा. सर चंदन न लावता आले, तरी दोघी पाया पडल्या. मी सुरुवात केली, घेर म्हणजे काय, पट्टा कशासाठी. सगळे शांतपणे ऐकत होते. मग गुंफाबाई उठली.

"मॅडम, घेर तुमचा तुमाले. आमाले एकच सांगा. देव हाये का नाही? हाये तं दुरून लाकडं आनून राहिलो, आनत राहू. नसन तं माये गुडघे कायले झिजवता?"

सगळं गाव माझ्याकडे. सर माझ्याकडे. मारिया मान हलवून नको म्हणत होती. माझ्या तोंडातून निघालं, उद्या सांगते.

घरी बाबा वाट पाहत होते. सगळं सांगितलं. "देव नाही एवढं सांगाले तुले रात्र लागून राहिली?" म्हणाले. मी रोपांचं सांगितलं. मोहाचं, चारोळीचं, पाय ठेवायला जागा नाही ते. गुंफाबाईच्या गुडघ्याचंही सांगितलं.

बाबांनी पेपर उचलला. मग म्हणाले, ती रोपं बकरीच्या तोंडाच्या वर जायला किती काळ लागतो? म्हटलं, पाचसहा वर्षं तरी.

"मंग तेवढी वर्षं घसा बसला म्हणून सांग." आणि पेपर तोंडासमोर धरला. उलटा.

उद्या आठला निघायचं. घसा ठणठणीत आहे.