शवासनाची पंधरा मिनिटं

१२ जानेवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. आईचा गुडघा बरा आहे. आता उतरताना जिन्याला शिव्या देत नाही, फक्त मलाच देते. आपल्या योगवर्गाला रंग दिला. तुझ्या बाजूचा आरसा मात्र तसाच ठेवलाय.

तुझी संथ बॅच मी पुन्हा सुरू केली हे खरं का, असं विचारलंस. खरं आहे. हस, पोटभर हस. एकेका आसनात दहा-दहा श्वास थांबते मी. मी, जिला बाबा 'घाई' म्हणायचे! माझ्या जलद बॅचमध्ये गाणं लावलं की सूर्यनमस्कारांचा नुसता सपाटा, आणि शेवटी शवासन दोन मिनिटं, तेही उपकार केल्यासारखं. तू पंधरा मिनिटं द्यायचीस. एकेकाजवळ बसून पोट वरखाली होतंय का बघायचीस. त्यावरूनच तर आपलं वाजलं. "तुझ्या वर्गात लोक झोपा काढायला येतात," असं मी म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तू सामान बांधलंस.

तू आणखी एक विचारलंयस. बाबा झोपेतच गेले ना, त्रास नाही ना झाला? आठवडाभर मी त्याच ओळीपाशी अडले आहे.

ताई, बाबा घरी झोपेत गेले नाहीत. माझ्या जलद बॅचमध्ये गेले.

तू गेल्यावर त्यांची बॅचच उरली नाही, म्हणून ते माझ्याकडे शेवटच्या रांगेत येऊ लागले. "म्हातारा कसा पळतोय बघ," म्हणायचे. त्या दिवशी त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मला दिसलं. पण वर्ग रंगात आला होता, मी थांबवलं नाही. शवासनानंतर सगळे उठले, ते पडूनच राहिले. मी म्हणाले, "उठा बाबा, ही काय ताईची बॅच आहे का?" कोणीतरी हसलं. मला वाटलं, तुझी आठवण येत असेल, लोळू देत. पाय गार पडतील म्हणून पंखा बंद केला आणि बाहेर नवीन नावं लिहून घ्यायला बसले. पंधरा मिनिटांनी मॅट गुंडाळायला आत आले.

डॉक्टर म्हणाले, हे कुठेही झालं असतं. लगेच हलवून पाहिलं असतं तर वाचले असते का, हे मी विचारलंच नाही. धीर झाला नाही. ताईला 'झोपेत' एवढंच सांग, अशी आईला मीच गळ घातली. तू धावत आलीस, चार दिवस राहिलीस, तेव्हाही तोंडापर्यंत आलेलं गिळलं.

आता मी प्रत्येकाजवळ बसते. पोट वर आलेलं दिसल्याशिवाय पुढे सरकत नाही. लोक म्हणतात, बाई किती शांत झाल्या. शांत कसली, घाबरलेय मी.

उन्हाळ्यात येणार म्हणालीस. हे वाचून यावंसं वाटलं नाही, तर आईला तसं कळव. आलीसच, तर एक दिवस मला शवासनात झोपव, आणि मी उठेपर्यंत शेजारी बसून राहा.

तुझी,
घाई